बॅटरी बसली? आधी मोजा, मग बदला

डिसेंबरातली सकाळ. नागपुरात पारा दहाच्या आसपास. किल्ली फिरवली की एरवी चटकन उठणारं इंजिन आळोखेपिळोखे देत ‘घूं… घूं…’ करतं. दुसऱ्या खेपेला तेही नाही, नुसतं ‘टक्-टक्-टक्’, आणि मीटरवरचे दिवे मंदावतात. शेजारचे काका गॅलरीतूनच निकाल देतात, “बॅटरी गेली हो तुमची!”

काका बहुतेक वेळा बरोबर असतात. पण नेहमी नाही, हे मी साडेचार हजार रुपये मोजून शिकलो. त्यांचं ऐकून त्याच दिवशी नवी बॅटरी टाकली आणि अठराव्या दिवशी गाडी पुन्हा तिथेच, तशीच. चोर दुसराच होता. तो कसा सापडला ते पुढे येईलच, पण तेव्हापासून माझा एक नियम आहे: मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज-करंट मोजणाऱ्या छोट्या यंत्राने, आकडा दाखवल्याशिवाय बॅटरीवर एक रुपया खर्च करायचा नाही.

हे सगळं साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी लिहितोय, ३५ अँपिअर-अवर क्षमतेची १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या. डिझेल गाडीत बॅटरी मोठी आणि जड, बाकी रीत तीच. इलेक्ट्रिक किंवा मोठ्या हायब्रिड गाडीत मात्र नारिंगी रंगाच्या जाड वायर दिसल्या तर त्यांच्या वाटेला जायचं नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

सामान फार लागत नाही. पाच-सहाशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १२ नंबरचे पाने, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, व्हॅसलीन, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बाजूंनी झाकणारा गॉगल, साधा चष्मा पुरत नाही. कपडे जुने घाला. बॅटरीतल्या ॲसिडचा थेंब सुती कपड्यावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही. धुवून वाळत घातल्यावर भोकं दिसतात.

आणि हातातली अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या, गळ्यातली लोंबती साखळी काढून ठेवा. प्लस टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची अंगठी आली तर ती क्षणात लालबुंद होते, आणि बोट तिच्या आत असतं. बॅटरीजवळ काडी, बिडी, उदबत्ती काही नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

उन्हाळ्यात मरते, हिवाळ्यात कळते

आपल्याकडे थंडीला दोष द्यायची पद्धत आहे. थंडी निमित्त असते, खरं नुकसान मे महिन्यात होऊन गेलेलं असतं. बॅटरीत सहा कप्पे असतात, एकेक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात प्लेटांच्या जाळ्या झिजण्याची क्रियाही आलीच. बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली काय असेल याचा अंदाज करा. पाणी उडतं, प्लेटा कुरतडल्या जातात, तरी गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिनाला फिरवायला फारसा जोर लागत नाही. मग डिसेंबर येतो. ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला (इंजिन फिरवणारी मोटर, बोलीत ‘सेल्फ’) जास्त करंट हवा असतो आणि थंड बॅटरी नेमका तेव्हाच कमी देते.

म्हणून विदर्भ-मराठवाड्यात बॅटरी तीन-चार वर्षं चालली तर तिने तिचं काम चोख केलं असं समजावं. कोकणात ऊन त्या मानाने सौम्य, पण खारट दमट हवेने टर्मिनल गंजतात, ते वेगळंच दुखणं.

आधी कान लावा, मग डोळे

मीटर काढण्याआधी गाडी स्वतःच बरंच सांगते. भराभर ‘टक्-टक्-टक्’ म्हणजे व्होल्टेज कमी आहे: बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. एकच जोरकस ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर स्टार्टरवरही संशय घ्या. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर टर्मिनल सुटलंय का ते आधी बघा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा काही गुन्हा नाही, पेट्रोल किंवा स्पार्कच्या बाजूला शोधा. बटण-स्टार्ट गाडी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणत असेल तर किल्लीतला नाण्याएवढा सेल बदला. बऱ्याच किल्ल्यांत तो सीआर २०३२ नावाचा असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

अजून एक सोपी युक्ती. हेडलाइट लावा, भिंतीवर उजेड पडू द्या आणि सेल्फ मारा. उजेड पार विझत आला तर बॅटरी किंवा तिचे जोड लेचेपेचे. उजेड जसाच्या तसा राहिला आणि स्टार्टर फिरलाच नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाहीये किंवा स्टार्टरच बिघडलाय.

आता बॉनेट उघडा. बॅटरीच्या बाजू फुगल्यात का? ओल, गळती? सडक्या अंड्याचा वास येतोय का? फुगलेली किंवा वास मारणारी बॅटरी असेल तर पुढच्या चाचण्यांची गरज नाही. तिला जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून सुरू करणं) देऊ नका, चार्जर लावू नका, सरळ बदला.

टर्मिनलवर पांढरा-निळसर चुरा दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण तो साफ केल्याशिवाय पुढचं मोजमाप करू नका. तो चुरा कोरड्या ब्रशने झाडायचा नाही, डोळ्यांत-नाकात जातो. साफ कसा करायचा ते बदलण्याच्या भागात येतंय.

बऱ्याच मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्यांवर एक गोल काच असते, हिरवी म्हणजे ठीक, काळी म्हणजे चार्ज करा, पांढरी म्हणजे बदला. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. ती सहापैकी एकाच कप्प्याची खबर देते. उरलेल्या पाचांत कोणी मान टाकली असेल तर काच हिरवीगारच राहते.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा हाही मोठा गैरसमज. गाडी चालू असताना तो पेटला तर बॅटरी म्हातारी झाली असा अर्थ होत नाही. अल्टरनेटर, म्हणजे मेकॅनिक ज्याला अजून डायनामो म्हणतात तो, चार्जिंग देत नाहीये. एसी बंद करा आणि गॅरेज गाठा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणून तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा आणि तो चढला तर तिथेच थांबा.

पहिला आकडा: निवांत बसलेली बॅटरी

मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या. लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, वरवरचा चार्ज चढलेला असतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मोजणं सगळ्यात उत्तम. तेवढी सवड नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मोजा.

१२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली ती रिकामीच धरा. अगदी १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक कप्पा मेलेला आहे. १२.६ मधून २.१ वजा केले की तेवढेच उरतात.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. कमी आकडा म्हणजे बॅटरी रिकामी आहे. ती खराब आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. पाण्याची टाकी रिकामी दिसली म्हणून आपण टाकी बदलत नाही. नळ उघडा राहिला का, वरून पाणी येतंय का, टाकीला चीर आहे का, हे बघतो. बॅटरीचंही तसंच. नळ म्हणजे गाडी बंद असताना करंट खाणारी वस्तू, वरून येणारं पाणी म्हणजे अल्टरनेटर, आणि चीर म्हणजे बॅटरीचा स्वतःचा दोष. तिन्ही वेगवेगळे तपासायचे.

म्हणून रिकामी असेल तर आधी चार्ज करा. क्षमतेच्या एकदशांश करंट हा जुना हिशेब आजही बरोबर आहे: ३५ ची बॅटरी साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास, खोलीत वारा खेळता ठेवून. घरी चार्जर नसेल तर बॅटरीवाल्याकडे रात्रभर ठेवून या. जंप देऊन गाडी सुरू केली आणि अर्धा तास फिरवून आणली, एवढ्याने पार बसलेली बॅटरी भरत नाही. चार्ज झाल्यावर काही न जोडता एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी १२.६ टिकलेत? पुढे चला. १२.२ वर घसरले? चीर टाकीलाच आहे, बॅटरी बदला.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना

ही खरी परीक्षा, आणि ती भरलेल्या बॅटरीचीच घ्यायची. घरातल्या कोणाला तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची टोकं टर्मिनलवर धरून ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टरही त्या क्षणाला शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, त्यामुळे आकडा खाली येणारच. किती खाली येतो ते बघायचं. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून हे तीन वेळा करा आणि सगळ्यात कमी दिसलेला आकडा धरा.

साडेदहाच्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत. ९.६ ते साडेदहा म्हणजे वय झालंय, अजून एखादा ऋतू काढेल, पण मुलाबाळांना घेऊन रात्रीच्या प्रवासाला निघण्याआधी विचार करा. आरामात १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर तिच्या प्लेटा संपल्या आहेत. पण थांबा, पाकीट काढायच्या आधी आणखी एक मोजणी आहे, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही.

तिसरा आकडा: जोडाची चोरी

लाल टोक प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, मधोमध टेकवा. काळं टोक त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या पकडीवर. म्हणजे दोन्ही टोकांत अंतर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आता सेल्फ मारा. जोड चांगला असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतो. ०.२ च्या वर गेला तर त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये तुमची ताकद अडते आहे. मायनसकडेही हेच करा. नंतर मायनसची खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा, तिथे ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचं मायनस इंजिनाला-पत्र्याला जोडणारी वायर, सैल किंवा गंजलेली आहे.

माझ्या एका मित्राची गाडी रोज सकाळी रुसायची. बॅटरी दीड वर्षाची, आरामात १२.६. प्लसच्या जोडावर मोजलं तर सेल्फ मारताना १.४ व्होल्ट! क्लॅम्प सोडवला तर आतून कोल्ड्रिंकच्या कॅनची घडी घातलेली पट्टी निघाली. बॅटरीची खुंटी बारीक, क्लॅम्प मोठा, मग बसवणाऱ्याने पट्टी कोंबून घट्ट केलं होतं. पट्टीवर लाल-पांढरी अक्षरंसुद्धा शाबूत होती, म्हणजे रंगाचा थर तसाच, आणि रंगातून करंट जात नाही. योग्य मापाची शिशाची बाही, किंमत किरकोळ, घातल्यावर तीच बॅटरी पुढे दोन वर्षं चालली.

चौथा आकडा: चार्जिंग

इंजिन सुरू करा, टर्मिनलवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबायला सांगा. १३ च्या खाली घसरत असेल तर बेल्ट सैल किंवा अल्टरनेटर आजारी. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीला उकळतोय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही वर्षभरात फुगेल. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा एकच आकडा बघून निकाल देऊ नका, दिवे लावून पुन्हा बघा.

एक जुनी ‘चाचणी’ अजून चालते: इंजिन चालू ठेवून मायनसचं टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला. कार्ब्युरेटरच्या काळात हे खपून गेलं. आजच्या गाडीत बॅटरी सुटताच अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळी मारतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) जाऊ शकतो. कोणी अनुभवी माणूस पाना घेऊन पुढे आला तर नम्रपणे हात धरा.

पाचवा आकडा: रात्रीचा चोर

माझा चोर इथे सापडला. गाडी बंद, किल्ली दूर ठेवलेली, दारं बंद. बॉनेट उघडंच लागतं, तेव्हा त्याच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर दाबून गाडीला ते बंद आहे असं भासवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, डायल डीसी अँपिअरवर. मायनसचा क्लॅम्प काढा, मीटरचं एक टोक क्लॅम्पला आणि दुसरं मायनसच्या खुंटीला, म्हणजे करंट मीटरमधूनच जाईल. आता वीस ते चाळीस मिनिटं थांबा. गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकेक करून झोपतात, तोवर आकडा जास्तच दिसतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

२० ते ५० मिलिअँपिअर हे साधारण ठीक. माझ्या गाडीत ३१० होते. बॉनेटखालचे आणि आतल्या पेटीतले फ्यूज एकेक काढत गेलो, एकाला आकडा धाडकन ३० वर आला. त्या फ्यूजवर डॅशकॅम जोडलेला. बसवणाऱ्याने त्याला गाडीबरोबर बंद होणाऱ्या लाइनऐवजी कायम चालू राहणाऱ्या लाइनवर टाकलं होतं. हिशेब करा: ०.३१ अँपिअर म्हणजे दिवसाला सव्वासात-साडेसात अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. रोज गाडी फिरत होती तोवर कळलं नाही. चार दिवस उभी राहिली की ‘टक्-टक्’. डिक्कीचा न विझणारा दिवा, जीपीएस ट्रॅकर, बाजारातून बसवलेली म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे संशयित.

हाच हिशेब उलटा करून बघा. अगदी निरोगी गाडीही ३० मिलिअँपिअर खातेच, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी. महिना-दोन महिने मुलाकडे परदेशी निघाला असाल तर मायनस काढून ठेवा, एवढंच पुरतं.

आणि हो, काम झाल्यावर मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि उद्या तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट आहे.

नवी घेताना

पाचही मोजण्यांनंतर दोष बॅटरीचाच निघाला तर दुकानात जा. जुन्या बॅटरीवरचा नंबर फोटोत घेऊन जा. ३८ बी २० एल असं काही लिहिलेलं असतं: ३८ हा ताकदीचा दर्जा, बी हे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आणि एल किंवा आर वरून प्लस-मायनस कोणत्या बाजूला ते ठरतं. शेवटी एस असेल तर खुंट्या जाड. एल-आर ची गल्लत झाली तर गाडीतली वायर टर्मिनलपर्यंत पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर उलटी जोडणी होण्याची भीती. ‘डिन’ प्रकारच्या बॅटऱ्या बुटक्या, त्यांची पकड तळाशी असते. त्या जागी दुसरी बसत नाही, बसली तरी डुगडुगते.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सुरू-बंद सोसणाऱ्या, प्रकारचीच हवी. साधी टाकली तर थोडे पैसे वाचतील आणि वर्षभरात ती मान टाकेल.

जरा मोठी घेऊ का, असा मोह होतो. पट्टीत नीट बसत असेल, खुंट्या त्याच बाजूला असतील तर थोडी मोठी चालते, पण दुखण्यावर तो इलाज नव्हे. त्यापेक्षा उत्पादनाची तारीख विचारा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका. तिथेच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. दुकानदार जरा बघत राहील, बघू दे. वॉरंटीत ‘३०+२५ महिने’ असं काही लिहिलं असेल तर पहिले ३० महिने फुकट बदलून आणि पुढचे २५ फक्त सवलत, हे समजून घ्या. ‘५५ महिने’ ऐकून खूश होणारे बरेच असतात.

जुनी परत द्याच. तिच्यातल्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात, शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर किंवा घंटागाडीत जाणं योग्य नाही.

बसवायला माणूस फुकट येत असेल तर? खुशाल येऊ द्या. बसवणं हे या सगळ्यातलं सोपं काम आहे. पैसे वाचतात ते मोजण्यात. तरी स्वतः करायचं असेल तर असं करा.

काढणं आणि बसवणं

पहिल्यांदा फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. ड्रायव्हरची काच खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक अडला तर आत हात घालता आला पाहिजे. डिक्कीत काही लागणार असेल तर आधीच काढा, काही डिक्क्या विजेवरच उघडतात. गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

मायनस आधी. १० नंबरच्या पान्याने नट सैल करा, क्लॅम्प हलवत वर ओढा, फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा. आधी मायनस का, तर गाडीचा सगळा पत्रा मायनसच आहे. प्लसचा नट सोडताना पाना पत्र्याला लागला आणि मायनस जोडलेलाच असेल, तर तुमचा पाना वेल्डिंगची काडी होतो. मायनस सुटला की कितीही लागू द्या, काही होत नाही. क्लॅम्प निघत नसेल तर हातोडी मारू नका, खुंटी आतून तुटते. नट पूर्ण सैल करून क्लॅम्पच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर हलकेच फिरवा.

मग प्लस. मग बॅटरी दाबून धरणारी पट्टी. तिचे नट सोडताना खाली एक हात धरा. नट पडला की खालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जातो आणि पुढचा अर्धा तास आपण मोबाइलची टॉर्च घेऊन रांगत असतो. बॅटरी सरळ वर उचला, तिरकी करू नका. लहानही नऊ-दहा किलोची असते, मोठ्या गाडीची पंधराच्या पुढे. पाठ दुखणाऱ्यांनी दुसऱ्याला हाक मारावी.

आता रिकामी जागा साफ करा. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ते क्लॅम्पवर आणि ट्रेवर ओता. चुरा असेल तिथे फसफसतं; फसफस थांबेपर्यंत ओतत राहा, टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. ट्रेखालचा पत्रा गंजला असेल तर घासून रंगाचा हात मारा.

नवी बॅटरी ठेवण्याआधी फोटोशी ताडून बघा, प्लस त्याच बाजूला आहे ना. खुंट्यांवरची प्लॅस्टिकची टोपणं काढा. ट्रेमध्ये नीट बसवा आणि पट्टी आवळा: हाताने ढकलली तर बॅटरी हलता कामा नये, पण कवच दबेल इतकंही नको. ही पट्टी कंटाळा म्हणून सोडू नका. खड्ड्यांत हादरणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा आतून गळतात, आणि आपल्या रस्त्यांबद्दल वेगळं काय सांगू.

जोडताना उलटा क्रम: प्लस आधी, मायनस शेवटी. प्लसची खुंटी मायनसपेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे क्लॅम्प उलटे नीट बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नका, पुन्हा प्लस-मायनसची खूण बघा. उलटी जोडली तर एका सेकंदात मोठा फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. क्लॅम्प खुंटीवर तळापर्यंत खाली गेला पाहिजे. नट इतकाच आवळा की क्लॅम्प हाताने फिरणार नाही. शिसं मऊ असतं. मायनस टेकवताना बारीक ठिणगी उडते, ती चालते. मोठी, सारखी ठिणगी उडत असेल तर काहीतरी चालू राहिलंय, ते शोधा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आवळण्याआधी खुंटीवर थापू नका.

गाडी सुरू करा आणि एसी न लावता दहा मिनिटं चालू राहू द्या. पहिल्या दिवशी इंजिनाची गती थोडी वर-खाली होते, सावरते. घड्याळ, रेडिओ पुन्हा लावा. एका झटक्यात बंद होणारी पॉवर विंडो विसरली असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवा. स्टिअरिंगचा दिवा पेटला तर चाक एकदा डावीकडे टोकापर्यंत, एकदा उजवीकडे. काही जर्मन गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला ‘सांगावी’ लागते, ते काम स्कॅनर असणाऱ्याकडेच.

शेवटी पाचपैकी तीन आकडे परत घ्या: आरामात, सेल्फ मारताना, चार्जिंगला. बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, ती शाई वर्षभरात उडते. माझ्या बॉनेटच्या आत कागदी टेपची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर मार्करने बसवल्याची तारीख आणि शेजारी १२.७, १०.९, १४.२. दर दिवाळीच्या सुट्टीत खाली एक नवी ओळ जाते. यंदाची: १२.६, १०.४, १४.२.